चितळावर पोट भरणाऱ्या गाईडचं अंदमानच्या वन विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य वन्यजीव रक्षक,
अंदमान व निकोबार प्रशासन,
वन सदन, हॅडो, श्रीविजयपुरम (पोर्ट ब्लेअर)

विषय : बेटांवरची चितळं मारण्याची परवानगी केंद्राकडे मागण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. हेच पत्र हिंदीत टाईप करून रजिस्टर पोस्टानं आपल्याकडे धाडलं आहे. तेच मराठीत उघडपणे पुन्हा लिहितोय, त्याला कारण आहे. दर हिवाळ्यात महाराष्ट्रातून विमानं भरभरून माणसं सेल्युलर जेल बघायला येतात. सावरकरांच्या कोठडीत डोकं टेकवतात, डोळे पुसत बाहेर येतात, खालच्या जेटीवरून रॉस बेटाची बोट पकडतात आणि तिथं चितळांना बिस्किटं भरवतात. उद्या आपण या हरणांवर बंदूक उचललीत, तर सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे आमचेच लोक असतील. त्यांनीही हे वाचलेलं बरं.

मी ताडोबात मोहर्ली गेटवर गाईड आहे. एकोणिसावं वर्ष चालू आहे. पर्यटक पैसे वाघाचे देतो, पण वाघ दाखवतं चितळ. पहाटे जिप्सी बंद करून आम्ही कान देऊन बसतो. सांबराचा इशाऱ्याचा कॉल आला तर डोळे झाकून गाडी काढावी. चितळाचं तसं नाही, ते कधी कोल्ह्यालाही ओरडतं. पण मादी शेपूट ताठ करून, पुढचा एक पाय आपटत एकाच झुडपाकडे टक लावून उभी असली, की मी ड्रायव्हरच्या खांद्यावर नुसता हात ठेवतो. पुढचं त्याला कळतं. त्या पाय आपटण्यावर माझ्या दोन मुलींच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्यात. तेव्हा या जनावराला मारा म्हणून अर्ज करताना हात जड झाला नाही, असं म्हणालो तर खोटं होईल.

गेल्या जानेवारीत सासरच्या मंडळींबरोबर अंदमानला आलो. रॉसवर (२०१८ पासून त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे, पण जेटीवर तिकीटवाल्यापासून सगळे रॉसच म्हणत होते) बोटीतून उतरल्यावर दहा मिनिटांत पहिलं चितळ दिसलं. नर, शिंगांवर अजून मखमल. सवयीनं मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. आमची माणसं थांबली नाहीत. चितळही थांबलं नाही, ते सरळ आमच्याकडेच चालत आलं. मेहुणीनं पर्समधून ग्लुकोजचं बिस्किट काढलं. त्यानं ते तिच्या तळहातावरून उचललं आणि आणखी आहे का म्हणून पर्सला नाक लावलं. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. चितळाचं नाक इतक्या जवळून मी आजवर फक्त मेलेल्या चितळाचं पाहिलं होतं.

आणि त्याचे कान फिरत नव्हते. आमच्याकडचं चितळ चरताना, पाणी पिताना, पाडसाला चाटतानासुद्धा एक कान पुढे, एक मागे असं सारखं फिरवत असतं. याचे दोन्ही कान सैल पडलेले. जंगलात कुणी आपल्याला खाणारं आहे, ही गोष्टच त्याला ठाऊक नव्हती.

मग मी खाली बघायला लागलो. पडक्या चर्चच्या आणि बंगल्यांच्या भिंती झाडांच्या मुळ्यांनी कवेत घेतल्यात, फोटो सगळे त्याचेच काढतात. त्या मुळ्यांच्या खाली माझ्या छातीच्या उंचीपर्यंत कुठे कोवळं पान नाही. चितळ मागच्या पायांवर उभं राहून जिथवर पोचतं, तिथवर सगळं साफ. जणू गवंड्यानं दोरी लावून पाणसळ धरलीय. आता रॉसवर माळी असतात, झाडलोट होते, म्हणून तेवढ्यावर मी काही बोललो नसतो. दुसऱ्या दिवशी चिडियाटापूला सूर्यास्त बघायला बाकीची मंडळी किनाऱ्यावर बसली, तेव्हा मी पायवाटेनं थोडा आत गेलो. वर गर्जनाची झाडं, मान मोडेपर्यंत उंच. खाली पाचोळा, आणि पाचोळ्यावर चितळाच्या लेंड्या, काही ताज्या. वीतभर उंचीची रोपं शोधत पंधरा-वीस मिनिटं फिरलो. मिळाली ती बहुतेक शेंड्याला कुरतडलेली. काहींना खालून दुसरा फुटवा आलेला, तोही खाल्लेला. हे चिन्ह मला लहानपणापासून पाठ आहे. आमच्या शेताच्या बांधावर लावलेली चिंच सात वर्षं गुडघ्याएवढीच राहिली होती, रोही (नीलगायी) आणि चितळं तिला वाढूच देईनात. शेवटी बाबांनी बोरीच्या काट्या रोवून तिला गोल कुंपण केलं, आणि दोन पावसाळ्यांत ती माझ्या डोक्यावर गेली.

हे आपल्याला नवं नाही, याची मला कल्पना आहे. संशोधक रौफ अलींनी २००४ साली 'करंट सायन्स' या विज्ञानपत्रिकेत हेच मांडलं होतं : जिथं चितळ आहे त्या बेटांवर जंगलाची नवी पिढी उभी राहत नाही. २०१६ मध्ये सरड्यांवरचा अभ्यास आला. चितळानं खालची झुडपं खाल्ली, की त्या झुडपांत आणि जमिनीवर राहणारे सरडे घटतात, असं त्यात निघालं. माझ्या पर्यटकांना सरड्याचं काय पडलंय, मला माहीत आहे. पण ताडोबाचं चितळ नाहीसं झालं तर ते कान्हात असेल, पेंचमध्ये असेल. अंदमानचे कित्येक सरडे त्या बेटांवर संपले, की पृथ्वीवरून संपले.

चितळ तिथं आपणहून गेलेलं नाही. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ते शिकारीसाठी नेऊन सोडलं. जेलभक्त मंडळींना मी हे मुद्दाम सांगतो. ज्या काळात साहेब कैद्याला कोलूला जुंपून नारळाचं तेल काढून घेत होता, त्याच काळात त्याला सुट्टीच्या दिवशी गोळी झाडायला काहीतरी हवं होतं. बेटांवर खुरांचं जनावर म्हणजे एक रानडुक्कर. वाघ नाही, बिबट्या नाही, कोळसुंदा नाही. साहेब गेला, बंदुका गेल्या. चितळ राहिलं, आणि त्याला पोहता येतं. खाड्या ओलांडून ते एका बेटावरून दुसऱ्यावर पोचलं.

रॉसवर हे सगळं मी सांगत होतो, तर आमचे एक काका म्हणाले, "मग आपल्या चंद्रपूरचे दोन वाघ पाठवा की! तसेही जास्त झालेत." सगळे पुन्हा हसले. काकांना ठाऊक नव्हतं, पण जवळपास हाच प्रयोग आपल्या खात्यानं पन्नासच्या दशकात केला होता, बिबटे आणून सोडले होते. बिबटे टिकले नाहीत. आणि टिकले असते तर आज आपण बिबट्यांचं काय करायचं, यावर पत्रव्यवहार करत बसलो असतो. जंगलात मोकळा सोडलेला बिबट्या चितळच खाईल, कोंबडी नाही, कुत्रं नाही, पोर नाही, असा करार त्याच्याशी कुणी करू शकत नाही. जुन्नरच्या उसातल्या माणसांना विचारा.

आता कायद्याकडे येतो. इथं खरी गंमत आहे, आणि ती गंमत वाटू नये अशी आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्यांदाच 'आक्रमक परकीय प्रजाती' हा शब्द कायद्यात आला, त्यांच्यासाठी कलम ६२-अ आलं. मी खूश झालो होतो. मग व्याख्या वाचली : जी प्रजाती मूळची भारतातली नाही, ती. चितळ मूळचं भारतातलं. म्हणजे मेळघाटातून उचलून हजार-दीड हजार किलोमीटर समुद्रापार नेऊन सोडलं, तरी कायद्याच्या लेखी ते घरचंच. हीच सवलत मोठ्या बेडकालाही मिळते. आपल्या पावसाळ्यात डबक्यात डराँव डराँव करणारा तो पिवळा बेडूक अंदमानात पोचलाय आणि त्याची पिल्लं बाकीच्या बेडकांची पिल्लं खातात. पण तोही भारतीय नागरिक! ज्यानं ही व्याख्या लिहिली, त्याच्या डोळ्यासमोर भारताचा नकाशा होता, त्यातली बेटं नव्हती. बेटाला देशाची सीमा कळत नाही. बेटाला आपला किनारा कळतो, त्याच्या आत काय होतं आणि बाहेरून काय आलं, एवढंच.

दुसरा रस्ता कलम १२ चा, शास्त्रीय व्यवस्थापनासाठी परवाना. त्याचं स्पष्टीकरण वाचलं तर शास्त्रीय व्यवस्थापन म्हणजे स्थलांतर, किंवा न मारता, विष न घालता केलेलं संख्यानियंत्रण. म्हणून रॉसवरची हरणं पकडून चिडियाटापूच्या बायोलॉजिकल पार्कात हलवायच्या बातम्या आल्या, तेव्हा मला आपली अडचण समजली. कायद्यानं जो दरवाजा उघडा ठेवलाय, त्यातूनच आपण जाणार. पण महोदय, रॉस केवढं? सगळं मिळून जेमतेम पाऊणशे एकर. ते रिकामं झालं तर चांगलंच, पण पार्कात नेलेली चितळं तिथंही विणारच. आणि मध्य अंदमानच्या जंगलातलं चितळ आपण कुठे हलवणार? चितळ पकडताना धक्क्यानं किती पटकन मरतं, हे आपल्या माणसांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. धापा टाकतं, अंग तापतं, आणि ट्रकमधून उतरवेपर्यंत डोळे पांढरे. ते मरण कागदावर 'मारणं' म्हणून लागत नाही, एवढाच फरक.

उरतो तिसरा रस्ता, कलम ६२. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी ठरावीक भागापुरता आणि ठरावीक मुदतीपुरता उपद्रवी घोषित करायचा अधिकार केंद्राला आहे, आणि चितळ त्याच अनुसूचीत आहे. हे कलम याआधी वापरलं गेलंय : बिहारात नीलगाय, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकडं. तेव्हा झालेला गदारोळ मला आठवतो, मी स्वतः त्यात गदारोळाच्या बाजूनं होतो. मोकामाला नीलगायी पाडल्याचे फोटो बघून रात्री जेवलो नव्हतो. आजही मुख्य भूमीवर सरसकट बंदूक हा उपाय मला पटत नाही. पण तिथं निदान वाघ परत आणता येतो, जंगल जोडता येतं. अंदमानात परत आणायला कोणी नव्हतंच.

आणि आपली एक सोय आहे. अंदमान केंद्रशासित प्रदेश आहे. राज्य एक म्हणतंय, दिल्ली दुसरं, असं होण्याचं कारण नाही. प्रस्ताव आपण बनवायचा, मंत्रालयानं अधिसूचना काढायची.

परदेशातलं उदाहरण द्यायचं तर हवाई बेटांचंच द्यायला हवं, कारण तिथलं चितळही आपल्याच देशातून, हाँगकाँगमार्गे गेलेलं. १८६८ च्या सुमारास तिथल्या राजाला, पाचव्या कामेहामेहाला, सात-आठ चितळं भेट आली आणि मोलोकाई बेटावर सोडली. राजाची भेट म्हणून त्यांना हात लावायचा नाही, असा नियम. मग लानाई, मग १९५९ मध्ये माउई. पुढचं मी सांगायला नको. आज माउईत मैलोन् मैल कुंपणं घालताहेत. रात्री उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून नेम धरून हरणं मारतात, सरकारी निरीक्षक समोर उभा असतो, आणि मांस रीतसर विकतात. मोलोकाईत दुष्काळ पडला तेव्हा चितळं उपाशी पडून मेली, रस्त्याकडेला, लोकांच्या अंगणात, आणि २०२१ मध्ये राज्यपालांना त्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. ज्यांना वाटतं की बंदूक न उचलणं म्हणजे अहिंसा, त्यांनी बरगड्या मोजता येणारं चितळ एकदा बघावं. मी मे महिन्यात आटलेल्या पाणवठ्यावर पाहिलंय. गोळीनं मेलेलं पुष्कळ शांत दिसतं.

पण त्याच हवाईतली एक गोष्ट वेगळी आहे, ती आपल्या फायलीला मी ठळक पेननं लावीन. २००९ मध्ये कुणी तरी हेलिकॉप्टरनं चार चितळं सगळ्यात मोठ्या बेटावर नेऊन सोडली, तिथं ती आधी नव्हती. सुगावा लागल्यावर माग काढणारी माणसं लावली आणि ती काढून टाकली. चार होती तेव्हाच. आपल्याकडेही जिथं अजून थोडी आहेत, ती बेटं आधी.

मला काय वाटतं ते सांगतो. आपल्या खात्यात माझ्यापेक्षा शिकलेली माणसं आहेत, त्यांनी खोडावं.

शौकीन शिकाऱ्यांना परवाने विकू नका. कोणी कितीही पैसे देऊ केले, "महसूल मिळेल साहेब" म्हणाले, तरी नको. शौकीन माणूस शिंगं बघून नर मारतो. एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो, आणि चितळाला विणीचा ठरलेला हंगाम नाही, आमच्याकडे वर्षाच्या कुठल्याही महिन्यात पाडस दिसतं. दहा नर पाडले तरी पुढच्या वर्षी पाडसं तेवढीच. मारायची तर माद्या आधी मारायला लागतील, आणि हे काम कुणालाही आवडणार नाही. म्हणूनच ते पगारी, प्रशिक्षित माणसांचं काम आहे, मौजेचं नाही. शिवाय शिकार ज्याला आवडते त्याला हरणं संपायला नको असतात. मांस विकण्यातही तोच धोका आहे. ज्या दिवशी त्यावर कुणाचं हॉटेल चालायला लागेल, त्या दिवसापासून कळप राखायची सोय बघितली जाईल. मांस वाया घालवू नये, तपासून त्याच बेटावरच्या वस्तीत फुकट वाटावं, एवढंच. आजही तिथं हरणाचं मांस चोरून खाल्लं जातं, हे आपल्याला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रात कोणतीही बंदूक जाता कामा नये. ते रानडुकराची शिकार करतात, चितळ त्यांचं पूर्वापार खाणं नव्हतं, आणि त्यांच्या जंगलात काय करायचं हे आपण बाहेरून ठरवायचं नाही. तेवढा भाग सुटला तरी चालेल, पण चितळ मारायच्या निमित्तानं तिथं माणूस शिरला, तर पुन्हा बाहेर निघणार नाही.

सुरुवात लहान, दूरच्या बेटांपासून, जिथं शेजारून पोहून यायला अंतर मोठं आहे. एक बेट पूर्ण साफ करा. दहा बेटांवर थोडं थोडं मारण्यात दहा वर्षं जातील आणि अकराव्या वर्षी आकडा पुन्हा तोच.

आणि एक काम असं आहे, ज्याला मारायची परवानगी नको. रॉसवर, बोट लागते तिथंच, दहा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद जागेला तारेचं कुंपण घाला. चितळ आत जाणार नाही एवढं उंच. बाकी काही लावू नका, पाणी घालू नका, माळ्याला आत जाऊ देऊ नका. पाटीसुद्धा पहिली दोन वर्षं नको. तिसऱ्या वर्षी आमचा माणूस हातात बिस्किट घेऊन तिथून जाईल, तेव्हा आत काय उगवलंय आणि बाहेर काय आहे, हे त्याला विचारायला लागणार नाही.

माझी आई माळकरी आहे. तिला हे पत्र वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी चिंचेला काट्या लावल्या होत्या, गोळी नव्हती घातली." बरोबर आहे तिचं. मी तिला एवढंच म्हणालो, की बेटाभोवती काट्या लावल्या तर चितळं आत राहतील. त्यावर ती उठून देवापाशी दिवा लावायला गेली. अजून या विषयावर बोललेली नाही.

ताडोबाचा कोअर, म्हणजे आतला गाभा, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, तेव्हा मी मोकळा असतो. आपल्या माणसांना जंगलात चितळाचा माग काढायला, मादी-नर दुरून ओळखायला, कळप केव्हा कुठे बसतो ते सांगायला माझा उपयोग होणार असेल, तर येण्या-जाण्याचं तिकीट द्या, मानधन नको. बंदूक मी हातात घेणार नाही. ते मला जमणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

कळावे,
आपला,
एक निसर्ग मार्गदर्शक
मोहर्ली, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर

ता. क. : मेहुणीनं तो बिस्किटाचा फोटो अजून डीपीला ठेवलाय. हे पत्र छापून आल्यावर तिला वाचायला देणार आहे. फोटो बदलला की नाही, ते हिंदी पत्राच्या पोचपावतीबरोबर कळवीन.